बाबालाल मिस्त्री आणि विजेची भट्टी

बाबालाल मिस्त्री विजेच्या बोर्डाचं झाकण उघडायच्या आधी खाकरायचा. घरात सुना-लेकी वावरत असल्या की पुरुष माणूस दाराशी येऊन खाकरतो ना, तसा. एकदा खाकरायचा, जरा थांबायचा, आत कुणी पदर सावरून घ्यावा एवढी सवड द्यायचा, आणि मगच झाकण काढायचा. काढता काढता हळू आवाजात म्हणायचा, "बाईसाहेब, मी हाय. बाबालाल."

पहिल्यांदा मी हे ऐकलं तेव्हा मागं वळून बघितलं. म्हटलं, खरंच कोण बाई आली की काय. मागं कोणी नव्हतं. भिंत होती, बोर्ड होता आणि बाबालाल होता.

"मिस्त्री, कुणाशी बोलतोयस?"

"आत हायत त्यांच्याशी."

"आत तारा हायत."

"तारा म्हंजे घर झालं, ड्रायव्हर. घरात कोण तरी राहतंय की."

माणूस खुळा आहे हे मी त्याच दिवशी ठरवलं, आणि एकदा ठरवलेलं मी बदलत नाही. आजही माझं मत तेच आहे. फक्त तो कसा खुळा होता ते नीट सांगायला पाहिजे, म्हणून लिहायला बसलोय. शाळा माझी दुसरीत संपली. मास्तरांनी मला मारलं, मी मास्तरांची छडी मोडली, आणि दोघांचंही समाधान झालं. तेव्हा लिहिण्यात चूक असली तर ती छडीची समजा.

ही गोष्ट महाराजांच्या कारकिर्दीतली, तीही उतरत्या वर्षांतली. कोल्हापुरात तेव्हा घरोघरी कंदील होते. कसबा बावड्याच्या वाटेवर आमच्या इनामदारांचा बंगला होता आणि तिथं मात्र वीज होती, कारण तिथं इंजिन होतं, आणि इंजिनावर ड्रायव्हर मी होतो. तेलावर चालणारं इंजिन, त्याला जोडलेला डायनामो. संध्याकाळी मी इंजिन चालू केलं की बंगल्यात दिवे लागायचे आणि रस्त्यानं जाणारे गाडीवान बैल थांबवून बघत राहायचे. वीज तयार करायचा मी. बाबालाल फक्त ती खोलीखोलीत पोचवायचा. पण मान त्याला, कारण माझ्या इंजिनाचा आवाज व्हायचा आणि त्याच्या दिव्याचा उजेड पडायचा.

बाबालाल काठीसारखा उंच, डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, खांद्यावर एक जाडं फडकं आणि पायात लाकडी खडावा. मुसलमान माणूस खडावा घालून खटखट करत निघाला की गावातली माणसं विचारायची, "काय मिस्त्री, मठात चाललाय व्हय?" तो म्हणायचा, "चामडं भिजतंय. लाकूड दगा देत न्हाय."

कारण त्याचं सगळं वैर पाण्याशी. "कोरडं हाय का?" हा त्याचा रामरामही आणि सलामही. भेटला की आधी तुमच्या हाताकडे बघायचा. पावसाळ्यात त्याचं तोंड असं उतरलेलं असायचं की घरात आजारी माणूस आहे असं वाटावं. एका लग्नात यजमान गुलाबपाणी शिंपडत आले तर हा फडकं पुढं धरून उभा. तालमीतला एक ओळखीचा पैलवान कुस्ती मारून घामाघूम होऊन आला आणि आनंदात त्याला मिठी मारायला गेला. बाबालालनं एका हातानं त्याला थोपवलं, दुसऱ्या हातानं छाती, पाठ, दोन्ही दंड पुसून घेतले, आणि मग म्हणाला, "हां, आता मार मिठी." पैलवानाचा आनंद तोवर निम्मा झाला होता.

आता भट्टीचं सांगतो. सरकार, म्हणजे आमचे इनामदार, मुंबईला एका साहेबाच्या बंगल्यात जेवायला गेले होते. तिथं त्यांनी विजेवर पाव भाजताना बघितला. लाकूड नाही, धूर नाही, लोखंडाचं एक कपाट, आणि आत पाव फुगतोय. सरकार परत आले ते कपाट घेऊनच. आजकाल त्याला ओव्हन म्हणतात. आम्ही विजेची भट्टी म्हणत होतो. त्या भट्टीबरोबर मुंबईचा एक माणूस आला, दोन तारा जोडल्या, जेवला आणि गेला. तेव्हापासून इंजिन मला सकाळीही चालवावं लागायचं.

भट्टीवर खरा जीव जडला तो वैनीसाहेबांचा. वैनीसाहेब म्हणजे धाकल्या सरकारांची बायको, बेळगावकडची. सासूला त्या तिकडच्या रीतीनं अत्ती म्हणायच्या. वडील छावणीत सुभेदार होते, शेजारच्या मडमेकडून त्या पोरवयात पाव-बिस्किटं शिकल्या होत्या. आमच्याकडं आल्यापासून त्या मोठ्यानं बोललेल्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. पण भट्टी आली आणि मागच्या दारातून त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं. पहिल्या पावाचा तुकडा त्यांनी मला इंजिनघरात पाठवला होता. चांगला होता. भाकरीची सर नव्हती, पण चांगला होता.

मग एका सकाळी नुकत्याच सारवलेल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहून वैनीसाहेबांनी ओल्या हातानं भट्टीचं दार धरलं, आणि भट्टीनं त्यांना फेकलं. कपाळाला खोक पडली. दातखीळ बसली. आणि हातातल्या बांगड्या फुटल्या.

घरात जी रडारड झाली ती खोकेसाठी नव्हती. सवाष्णीच्या बांगड्या फुटल्या, त्यासाठी होती. धाकले सरकार तेव्हा पन्हाळ्याच्या बाजूला शिकारीला गेले होते. त्यांच्या जिवाला काय झालं का बघायला घोडेस्वार धाडला. ते एक ससा मारून मजेत शीळ घालत परत येत होते. वाटेत स्वारानं त्यांना विचारलं, "आपण बरं हाय न्हवं?" ते म्हणाले, "मी बरा हाय. सशाला विचार."

तोवर वैनीसाहेबांच्या कपाळाला हळद लावली होती आणि बांगडीवाला बोलावला होता. त्यांना स्वतःला काय झालं, हे विचारायचं सगळ्यांच्या ध्यानातून गेलं. विचारलं ते एकट्या बाबालालनं. दाराच्या बाहेर उभं राहून, जमिनीकडं बघत. "वैनीसाहेब, झटका हातातच ऱ्हायला का छातीत गेला?"

"छातीत," त्या म्हणाल्या.

बाबालालनं टोपी काढली, पुसली, परत घातली. एवढंच.

ती भट्टी गोठ्यात पडली. पण सरकार हट्टी माणूस. त्यांनी मुंबईहून दुसरी मागवली, आधीच्या दीडपट मोठी. ती बैलगाडीतून उतरली आणि सरकार म्हणाले, "बाबालाल, जुन्याच तारा हायत की भितीवर. लाव आन् मोकळा हो."

"न्हाय लावत, सरकार."

सगळे चाट पडले. सरकारांना न्हाय म्हणणारं त्या बंगल्यात एक माझं इंजिनच होतं, तेही थंडीत.

"ही नवी बाई जास्ती खाती," बाबालाल म्हणाला. "जुन्या तारा बारीक. गळ्यात बारकं दावं बांधून म्हस वढल्यासारखं हुईल. तारा तापतील, भितीतनं जाळ निघंल. हिला जाड तार वायली पायजे, थेट इंजिनघरातनं. दिव्यांच्या तारांशी सोयरीक नको. बटण वायलं पायजे, भट्टीच्या वर न्हाय, बाजूला. आग लागली तर जाळावरनं हात न्यायला नको. शिशाची तार पायजे मधी. काय बिघडलं तर ती आधी वितळंल, माणसाच्या आधी."

"आणखी काय पायजे तुला?" सरकारांचा आवाज चढला.

"आन् लोखंडाला जमिनीची वाट पायजे. ती न्हवती म्हणून वैनीसाहेब पडल्या."

सरकार म्हणाले, "कर तुला काय करायचं ते." हे ऐकून मी जितका हादरलो तितका कशानंही हादरलो नसेन.

काम सुरू झालं. आणि तिथंच एक अशी अडचण आली की ती आमच्या घरातच येऊ शकली असती.

आईसाहेब, म्हणजे सरकारांच्या मातोश्री, सोवळं पाळायच्या. बाबालाल स्वयंपाकघरात येणार म्हटल्यावर त्यांनी आधी अन्नपाणी सोडलं. सरकारांनी समजावलं की महाराज सगळ्यांच्या हातचं घेतात, तिथं आपलं काय. आईसाहेब म्हणाल्या, "महाराजांनी घ्यावं. ते महाराज हायत. मी न्हाय." शेवटी तोडगा निघाला. बाबालालनं यावं, काम करावं, जावं. तो गेला की सगळं स्वयंपाकघर पुन्हा सारवायचं.

आता बघा. बाबालाल दिवसभर फडक्यानं जमीन पुसायचा, भिंत पुसायचा, निखाऱ्याची शेगडी ठेवून कोपरा सुकवायचा. "कोरडं झालं," म्हणून समाधानानं बाहेर पडायचा. त्याच्या खडावांचा आवाज फाटकापर्यंत गेला की आतून दोन बाया शेणाची घमेली घेऊन यायच्या आणि सगळं ओलंचिंब करून टाकायच्या. दुसऱ्या दिवशी तो यायचा, खाली वाकून जमिनीला हात लावायचा, आणि माझ्याकडं यायचा.

"ड्रायव्हर, ह्या घरात खालनं झरा हाय का रं?"

मी त्याला खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, "म्हंजे मी जितका जास्ती सुकवायला जाणार, तितकं ते जास्ती भिजणार."

"व्हय."

"आन् मी गेलोच न्हाय तर?"

"तर दिवसातनं एकदाच भिजंल."

मग त्यानं आत जाणं कमी केलं, आणि घराच्या मागं, स्वयंपाकघराच्या भिंतीलगत, खड्डा खणायला घेतला. कंबरेच्या वर गेला तो खड्डा. दुपारची वेळ. त्यात त्यानं तांब्याचा एक पत्रा उभा केला, त्याला जाड तार जोडली, मग कोळशाचा थर, मिठाचा थर, परत कोळसा, परत मीठ, असं भरत आणलं. तारेचं दुसरं टोक भिंतीतून आत घेऊन भट्टीच्या पायाला घट्ट आवळलं. भरता भरता तो तोंडानं पुटपुटत होता, बाईसाहेबांशी, नेहमीसारखा.

हे सगळं माडीच्या खिडकीतून आईसाहेब बघत होत्या.

आता तुम्हीच सांगा. भर दुपारी, घराच्या पाठीमागं, एक माणूस खड्डा खणतोय. त्यात तांब्याचा पत्रा, काळा कोळसा, खडेमीठ पुरतोय आणि पुटपुटतोय. त्या घरातल्या सुनेच्या बांगड्या महिन्याभरापूर्वी फुटलेल्या. मीही खिडकीत असतो तर करणीच म्हणालो असतो. मला तर त्याच्या शेजारी उभा राहूनही संशय आला होता. लोखंडाच्या कपाटाला मिठाचं काय काम, हे मला आजही पटलेलं नाही.

बाबालाल निघताना दारातून सांगून गेला, "उद्या सकाळी मी येतो. मी येऊन हात लावल्याबिगार कुणी हात लावायचा न्हाय. बटण बी दाबायचं न्हाय. कोरडं ठेवा."

सकाळी तो आला. सरकार आले, धाकले सरकार आले. वैनीसाहेब पिठाचे गोळे करून उभ्या होत्या, हात पदराला पुसून कोरडे केलेले, आणि चेहराही तसाच. पाव भाजायचा होता, पण भट्टीकडं बघताना त्यांचा हात सारखा खोकेच्या खुणेपाशी जात होता. मला बाबालालनं भिंतीवरच्या बटणाशी उभं केलं होतं. "मी हूं म्हटलं की खाली वढ. इचार करत बसू नगंस, तुला येळ लागतो."

मी बटण वर केलं. बाबालाल खाकरला. खडावा काढून बाजूला ठेवल्या. अनवाणी पायानं ओल्या जमिनीवर उभा राहिला. मी म्हटलं, "अरं, खडावा घाल की."

"वैनीसाहेब खडावा घालून पाव करणार हायत व्हय?"

आणि त्यानं हाताची मागची बाजू भट्टीला टेकवली.

तो उडाला. खरंच सांगतो, एवढा उंच माणूस उभ्याचा उभा मागं गेला आणि पिठाच्या परातीत बसला. टोपी चुलीपलीकडं पडली. मी बटण ओढलं. तो काही हूं म्हणाला नव्हता, तेव्हा ते मी विचार न करता ओढलं हे नोंद करून ठेवा. धाकले सरकार पांढरे पडले. बाबालालचे ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता. आला तेव्हा पहिला शब्द हा आला, "वैनीसाहेब लांब हायत न्हवं?"

त्या लांब नव्हत्या. हातभर अंतरावर होत्या. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि त्यांना, मला, सगळ्यांनाच कळत होतं की त्या परातीत कोण पडलं असतं.

बाबालाल भिंत धरत धरत मागच्या दारानं बाहेर गेला. खड्डा होता तिथं माती भुसभुशीत होती. त्यानं हातानं उकरलं. तार होती. पत्रा नव्हता, मीठ नव्हतं, कोळसा नव्हता.

"कुणी काढलं हे?"

माडीवरून आवाज आला, "मी काढाय लावलं. पंचगंगेत सोडून दिलं सगळं. आन् तू हात लावल्याली भट्टी बी चार घागरी घालून धुऊन घेतली, आतनं बाहेरनं."

आईसाहेब खाली आल्या. ताठ. त्यांना वाटलं होतं हा आता पाया पडेल, नाहीतर पळेल. बाबालाल मातीतच बसला होता, अंगभर पीठ. सरकार काही बोलणार होते, त्यानं हात जोडून त्यांना थांबवलं.

"आईसाहेब, इचारू का एक? तुम्ही ह्या घरात आला तवा केवढ्या होता?"

"आठ वर्साची."

"सासूबाई कडक?"

आईसाहेब काही बोलल्या नाहीत. म्हणजे कडक.

"असह्य झालं म्हंजे कुठं जात होता?"

"कुठं जाणार? म्हायारी. गारगोटीला. बाप गाडी पाठवायचा."

"आन् गाडी आली नसती तर?"

आता आईसाहेब त्याच्याकडं नीट बघायला लागल्या.

"ही आत हाय ती बी परक्या घरात आलेली बाईच हाय," बाबालाल म्हणाला. "दिवसभर राबती. कुठं तार उघडी पडली, कुठं पाणी गेलं, की ती बिथरती. तिला म्हायारची वाट ठेवली असली तर ती गुमान जमिनीत जाती. वाट न्हाय ठेवली तर ती माणसातनं वाट काढती. ज्याचा हात पहिल्यांदा लागंल त्याच्यातनं. ह्या घरात पहिला हात सुनंचा लागतो."

मागच्या दारात वैनीसाहेब उभ्या होत्या. आईसाहेबांनी वळून त्यांच्या कपाळाकडं बघितलं. त्या खोकेकडं त्यांनी महिनाभरात पहिल्यांदा बघितलं असेल.

"मग हे आधी सांगायचं न्हाईस व्हय रं?" त्या म्हणाल्या. "मुकाट्यानं मीठ पुरतोस, माणसानं काय समजावं?"

"चुकलं आईसाहेब."

"मीठ किती लागंल?"

मग जे झालं ते बघायला आजूबाजूच्या मळ्यांतली माणसं कुंपणाशी जमली. आईसाहेबांनी देवघरातलं जुनं तांब्याचं ताम्हण आणलं, त्यांच्या माहेरचं, चांगलं परातीएवढं. म्हणाल्या, "पत्रा कशाला, हे घाल." बाबालालनं त्याला तार जोडली. कोळसा त्यांच्याच चुलीतला. मीठ त्यांच्याच हातानं. खड्ड्याला हळद-कुंकू वाहिलं. मग त्या म्हणाल्या, म्हायारी जायची तर वटी भरून जायला पायजे, आणि खण, नारळ, तांदूळ घेऊन आल्या.

बाबालाल अवघडला. "आईसाहेब, खण तेवढा नको. कापड कुजंल. नारळ चालंल, फोडून घाला. पाणी असतंय त्यात."

मी कान टवकारले. "पाणी?"

"हितं पाणी पायजे," तो माझ्याकडं न बघता म्हणाला. "मीठ वलं ऱ्हायलं तरच वाट चालू ऱ्हाती. रोज तांब्याभर घाला, आईसाहेब. जास्ती घातलं तरी चालंल."

इतकी वर्षं ज्यानं माणसं पुसली, त्यानं आपल्या तोंडानं पाणी मागितलं. मी तिथंच खाली बसलो. आईसाहेबांनी मात्र ते मनावर घेतलं. तुळशीला पाणी घालून झालं की रोज तिकडं एक तांब्या, शेवटपर्यंत. नंतर कुणाची टाप नव्हती तिथली माती हलवायची.

भट्टी बाबालालनं उघडून उन्हात सुकवली, आतला पाण्यानं गेलेला भाग बदलला, सगळ्या तारा परत तपासल्या. सगळं ठाकठीक करून त्यानं परत हात लावून बघितलं, अनवाणी, ओल्या जमिनीवर. काही नाही. सरकारांनी लावला. काही नाही. धाकल्या सरकारांनी बोट लावलं. मीही लावला, कारण मी कुणाला भीत नाही.

पण वैनीसाहेबांचा हात पुढं जाईना. गोळा पत्र्याच्या थाटीत होता, थाटी हातात होती, आणि पाय जागचे हलत नव्हते. त्यांनी खरंच प्रयत्न केला. कपाळाला घाम आला. धाकले सरकार म्हणाले, "अगं काय न्हाय होत, आम्ही समद्यांनी लावला की." सरकार म्हणाले, "भ्यायचं काय त्यात?" त्या म्हणाल्या, "मला कळतंय. हाताला कळत न्हाय." आणि थाटी खाली ठेवायला वळल्या. ती खाली ठेवली असती तर त्यांनी ती परत कधी उचलली नसती. हे मला इंजिनाचं जसं कळतं तसं कळलं.

बाबालाल पुढं गेला, भट्टीच्या बाजूला जमिनीवर मांडी घातली, आणि उजवा तळहात सपाट, भट्टीच्या लोखंडावर ठेवला.

"तुम्ही भाजा, वैनीसाहेब. मी धरून बसतो."

एवढंच. हात काढला नाही. त्यांनी कशीबशी दारातून थाटी आत सारली, लाकडी दांड्यानं. दार लावलं, दांड्यानंच. बटण मी वर केलं. भट्टी तापायला लागली.

लोखंड तापतं हो. आतून पाव भाजतो तसं बाहेरून ते चटके देतं. थोड्या वेळानं त्याच्या कपाळावर शिरा दिसायला लागल्या. मी म्हटलं, "बाबालाल, सोड." त्यानं मान हलवली. आईसाहेब दारातून म्हणाल्या, "अरं सोड की मुडद्या, भाजतंय तुला."

"भाजतंय ते चुलीचं हाय, आईसाहेब. बाईसाहेबांचं न्हाय. त्या कवाच गेल्या गारगोटीला."

पावाचा वास सुटला. बाबालालचा हात लाल झाला होता, तरी तो तळहात तसाच चिकटवून बसला होता, आणि नजर जमिनीवर. वैनीसाहेब त्या हाताकडं बघत होत्या. एकदम त्या पुढं झाल्या, मोकळ्या हातानं त्याचं मनगट बाजूला ढकललं आणि त्याच जागी आपला हात टेकवला. "बास," म्हणाल्या, "बास आता, सोडा." चटका बसला तसा हात काढला, आणि मग काय केलं ते त्यांना कळलं. त्यांनी परत हात लावला. परत लावला. मग दाराची मूठ धरून दार उघडलं.

नंतर बाबालाल इंजिनघरात माझ्याजवळ येऊन बसला. तळहाताला फोड आले होते. आईसाहेबांनी लोण्याची वाटी पाठवली होती, ती मी त्याला लावत होतो, आणि शिव्याही देत होतो. म्हटलं, तपासायचा दिवा हाय तुझ्या पेटीत, तो लावून दाखवायचास. न्हाय तर तोंडानं समजावायचंस.

"तोंडानं जात न्हाय ते," तो म्हणाला. "मला ठावं हाय."

मग त्यानं सांगितलं. मुंबईत एका गिरणीत असताना त्याला मोठा झटका बसला होता. मरता मरता वाचला. त्यानंतर त्याला घरातलं साधं बटण दाबवेना. काम सुटायची वेळ आली. संध्याकाळ झाली की तो बटणासमोर उभा राहायचा आणि हात वर जायचा नाही. तेव्हा त्याची बायको हलिमा शेजारी येऊन उभी राहायची आणि त्याचा दुसरा हात आपल्या हातात धरायची. रोज. तो परत कामावर जायला लागेपर्यंत रोज. पुढं ती प्लेगात गेली, आणि त्यानं मुंबई सोडली.

इंजिन चालू होतं. मी लोण्याची वाटी खाली ठेवली.

"मी म्हणायचो तिला," बाबालाल म्हणाला, "अगं खुळे, हात सोड. मला बसला तर तुला बी बसंल."

"मग?"

"म्हणायची, म्हणूनच धरलाय."